गडाच्या भिंतीतलं जातं

रिबेकामावशींना मी पहिल्यांदा पाहिलं ते कॅनडातल्या रेजिनाच्या विमानतळावर, १९७२च्या सप्टेंबरात, आणि पाहताक्षणी त्यांच्याबद्दल माझं मत वाईट झालं. त्यांचा मुलगा हायम सातामकर सास्काचेवान प्रांताच्या रस्ते खात्यात नोकरीला होता. त्याची गाडी लहान, आमची स्टेशन वॅगन मोठी, म्हणून मी आणि माझा नवरा रवींद्र त्याच्या आईला आणायला बरोबर गेलो होतो. बाईंच्या अंगावर नऊवारी, त्यावर मुलाने पाठवलेला कोट, आणि सामानात गोणपाटात शिवलेली दोन गाठोडी. त्यातलं एक उचलायला रवींद्र वाकला तो तसाच वाकलेला राहिला. पुढे महिनाभर त्याची कंबर धरली होती, आणि त्याचा राग मी मावशींवर काढत होते.

गाठोड्यात जातं होतं. एकात वरची तळी, दुसऱ्यात खालची. टोरांटोच्या कस्टम्सवाल्याने गोणपाट उसवून पाहिलं होतं, आणि नुसता दगडच आहे म्हटल्यावर बाईंना वेडी समजून सोडून दिलं होतं. मी गाडीतच हायमला म्हटलं की अरे, इथे पीठ पिशवीत मिळतं, आईला सांगितलं नाहीस का? तो म्हणाला, "सांगितलं ना. शी इज लाइक दॅट. तुला कळेल."

कळायला मला एप्रिलपर्यंत वाट पाहावी लागली. रेजिनात तेव्हा मराठी घरं जेमतेम सात. त्यात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, हे एकच. त्यांचा वल्हांडणाचा सण आला. मावशी त्याला जुन्या नावाने ‘अनाशी ढाकायचा सण’, म्हणजे आंबट रसाचं मडकं झाकून ठेवायचा सण, म्हणत. आठ दिवस घरात खमीर नाही, पाव नाही, गव्हाचा कण नाही. त्या दिवसांत त्यांच्या घरी तांदळाची भाकरी, आणि तो तांदूळ कधीही गहू न लागलेल्या जात्यावरच दळायचा. हे जातं रेवदंड्याला त्यांच्या सासूच्या घरी होतं. वर्षातले आठ दिवस ते बाहेर काढायचं, उरलेलं वर्ष फडक्यात बांधून ठेवायचं.

"सासूचं नि माझं एक दिवस पटलं नाही गो, पद्मजा," मावशी मला म्हणाल्या होत्या. "माझा सैपाक तिला नको, माझी चाल नको. पण जाताना माझा हात धरून बोलली, रिबेका, हे बंद पडू देऊ नको. एवढी एकच गोष्ट तिने माझ्या भरवशावर टाकली."

त्यानंतर मी पिशवीतल्या पिठाचं नाव काढलं नाही.

घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, त्यामुळे दळण गराजमध्ये. सिमेंटच्या जमिनीवर जुनी चादर, तिच्यावर जातं. मावशी नऊवारीवर हायमचा पार्का, म्हणजे टोपीचा जाड कोट, चढवून एक पाय लांब करून बसायच्या. गराजचं दार मागच्या गल्लीकडे अर्धं वर केलेलं, कारण त्यांना उजेड लागे. डाव्या हाताने तांदळाची वैरण जात्याच्या तोंडात घालायची, उजव्या हाताने खुंटा धरून घड्याळाच्या काट्यासारखं फिरवायचं, आणि गायचं. आवाज काही गोड नव्हता, पण ओव्या स्वतःच्या होत्या. इस्राएलवर, म्हणजे वारलेल्या नवऱ्यावर, मुंबईत राहिलेल्या रुथवर, म्हणजे मुलीवर, आणि बर्फावरसुद्धा. मला त्या थंडीत तिथे बसायला आवडू लागलं, हे मी रवींद्रला बरेच दिवस सांगितलं नाही.

पण दगड तो दगड, झिजतोच. आमच्याकडे वर्षा-दोन वर्षांनी टाकीवाला दारावर यायचा, तळीवर बारीक घाव घालून तिला पुन्हा खरखरीत करून जायचा. रेजिनात टाकीवाला कुठून आणायचा? मुळात रेजिनाच्या जमिनीत खडाही सापडत नाही. सगळी चिकण काळी माती, जुन्या सरोवराचा तळ. १९७९चा सण जवळ आला तेव्हा तळ्या इतक्या गुळगुळीत झाल्या होत्या की पीठ नाही, कणी पडायची. हायमने कोरा नवा मिक्सर आणला. त्या पिठाची भाकरी तव्यावर टाकण्याआधीच फाटली. मावशी बोलल्या नाहीत. न बोलणारी माणसं मला सहन होत नाहीत, त्यापेक्षा भांडलेलं परवडतं.

मग मार्चमधल्या एका सकाळी मी त्यांच्याकडे जात होते, तर मागच्या गल्लीत मावशी बर्फावरून घसरगाडी ओढत चालल्या होत्या. घसरगाडीवर वरची तळी. गल्लीपलीकडच्या अंगणातून टकटक ऐकू येत होती. ती टाकीची आहे हे त्यांनी स्वयंपाकघरातून ओळखलं होतं. मी मागे धावले.

ते अंगण माएदांचं. माएदा म्हणजे सत्त्याहत्तर वर्षांचे जपानी गृहस्थ, बायको वारलेली, मूलबाळ नाही. थडग्यांचे दगड घडवण्याच्या कारखान्यात वीस वर्षं काढून निवृत्त झालेले. गल्लीतली माणसं त्यांना जरा चमत्कारिक समजत, आणि त्यात मी होते हे कबूल करते. कारण त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात एक भिंत बांधायला घेतली होती जिला ना दार ना छप्पर. कमरेएवढी उंच, खाली पसरट आणि वर जाताना उभी होत जाणारी. सिमेंट नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड. दूरचे शेतकरी नांगरताना वर येणारे धोंडे वेचून बांधावर ढीग लावतात, तिथून ते ट्रकमधून एकेक निवडून आणत. हिवाळ्यात जमीन गोठून फुगली की चार दगड सरकायचे. वसंतात ते पुन्हा बसवायचे.

माएदांनी तळी पाहिली. हातमोजा काढून तिच्यावर तळवा फिरवला, मधल्या भोकात बोट घालून पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, ही यांनी भारतातून आणली का? मी हो म्हटलं. त्यांनी आम्हाला चहा प्यायला आत नेलं आणि एका जुन्या कॅलेंडरवरचं चित्र दाखवलं. टेकडीवर एक पांढराशुभ्र गड, मजल्यावर मजले, आणि पायथ्याची भिंत थेट अंगणातल्या भिंतीसारखी. गावाचं नाव हिमेजी. त्या गडाच्या पायथ्याशी माएदांचा जन्म. बाराव्या वर्षी वडिलांबरोबर बोटीने व्हँकुव्हरला आले ते परत गेले नाहीत.

त्यांचं इंग्रजी तुटक, मावशींना वीसेक इंग्रजी शब्द येत, आणि मधे मी. अशी ती गोष्ट मावशींपर्यंत पोचली.

त्या टेकडीवर सहाशे वर्षांपूर्वी आकामात्सु घराण्याने साधी गढी बांधली. पुढे दोनेकशे वर्षांनी हिदेयोशी नावाचा सेनापती आला, त्याला तिथे तीन मजली मोठा गड हवा होता. घाई होती आणि दगड पुरेना. पायथ्याशी एक म्हातारी तांदळाच्या भाजक्या वड्या करून विकायची. तिने ऐकलं आणि आपल्या जात्याची तळी उचलून दिली, म्हणाली, माझ्याकडे एवढाच दगड आहे. ही बातमी गावोगाव गेली. मग ज्याच्याकडे जो दगड होता तो त्याने आणून दिला, आणि गडाची भिंत पुरी झाली. निदान तिथली माणसं असं सांगतात. तळी अजून भिंतीत आहे, वर तारेची जाळी लावली आहे. लहानपणी आजी हात धरून माएदांना ती दाखवायला न्यायची.

मी गोष्ट सांगून संपवली. मावशी चहाची वाटी दोन्ही हातांत धरून विचार करत होत्या.

"मंग ती बिचारी नंतर दळायची कशावर?" त्यांनी विचारलं.

मी माएदांना सांगितलं. ते म्हणाले, हे मला माहीत नाही. आजीने कधी सांगितलं नाही. मग म्हणाले, कुणी विचारलंच नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन्ही तळ्यांना टाकी लावून दिली. टाकी म्हणजे काय, कोरीवकामच ते. आमच्याकडे नुसते बारीक घाव घालतात. माएदांनी तळीचे सहा भाग करून प्रत्येकात सरळ, एकसारख्या खाचा काढल्या होत्या, लहानपणी घरच्या जात्यावर पाहिल्या तशा. मावशी खूश झाल्या, चादर पसरून दळायला बसल्या, आणि पीठ काही येईना. खाचा हिमेजीच्या होत्या. तिथे जातं डावीकडे फिरवतात, म्हणून पीठ डावीकडे फिरवलं तरच बाहेर पडायचं. उजवीकडे फिरवलं की आतच घुटमळायचं.

हायम म्हणाला, त्यांना परत करून द्यायला सांगू. मावशींनी त्याला दटावलं. म्हाताऱ्या माणसाने आठवडाभर थंडीत बसून एवढं केलं, आता चुकलं म्हणून सांगायचं? एकानेही काही बोलायचं नाही. आणि पासष्टाव्या वर्षी त्या उलट्या दिशेने दळायला शिकल्या. पीठ मात्र असं बारीक पडलं की भाकरी पापुद्र्यासारखी फुगली. पहिली भाकरी मी फॉइलमध्ये गुंडाळून माएदांना देऊन आले.

एवढंच की गाणं बंद झालं. मी विचारलं तर म्हणाल्या, उलट्या हाताला ओवी लागत नाही. हात एकीकडे जातो, तोंड एकीकडे. हसण्यावारी नेलं त्यांनी, मीही नेलं.

त्यानंतरच्या पाच वर्षांत त्या दोघांची जी काय दोस्ती झाली तिला भाषा नव्हती. ते ‘रिबेका-सान’ म्हणत, या ‘माएदाभाऊ’ म्हणत. उन्हाळ्यात ते भिंतीवर काम करत, या शेजारी खुर्ची टाकून मटार सोलत. मी गेले की दोघांची साठलेली बोलणी माझ्यावर पडत. गडाची बाकीची हकीकत मला अशी तुकड्या-तुकड्यांत मिळाली. मी शाळेच्या लायब्ररीत कामाला होते, म्हणून घरी जाऊन पुस्तकात पडताळून पाहायचे, कारण मी तशी संशयी. हिदेयोशीनंतर इकेदा नावाच्या सरदाराने नऊ वर्षं खपून आजचा गड उभारला. मग राजे-सरदारांचे दिवस गेले, सरकारने गड लिलावात काढला. घेणाऱ्याला त्याची कौलं आणि लाकडं विकायची होती, पण पाडायलाच इतका खर्च येतो म्हटल्यावर त्याने नाद सोडला. मावशी यावर फार हसल्या. असं एक गिऱ्हाईक रेवदंड्याच्या किल्ल्यालाही आलं होतं म्हणे.

एक तुकडा माएदांनी फक्त एकदाच सांगितला. युद्धात कॅनडा सरकारने त्यांची मासेमारीची बोट आणि घर काढून घेतलं. जपानी म्हणून त्यांना किनाऱ्यावरून हलवलं, आणि भटकत भटकत ते मूस जॉला आणि मग रेजिनाला आले. युद्ध संपता संपता तिकडे हिमेजीवर बॉम्ब पडले. एक गडाच्या वरच्या मजल्यावर पडला आणि फुटलाच नाही. गड राहिला, खालचं गाव जळलं, आणि त्यात त्यांची बहीण गेली. "गड नसता राहिला तरी चाललं असतं," ते म्हणाले. मी हे मावशींना सांगितलं तेव्हा मावशींनी सोललेल्या मटारांची वाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. दुसरं काही त्यांच्या हाताशी नव्हतं.

त्याच दिवशी निघताना माएदांनी मला फाटकाशी गाठून विचारलं की रिबेका-सान हल्ली गात का नाहीत. पूर्वी दळताना गायच्या, गल्लीपलीकडे ऐकू यायचं. आणि मी, जिला कुठलीही गोष्ट पोटात ठेवता येत नाही, हसत हसत सांगून टाकलं की तुमच्या खाचा उलट्या आहेत ना, उलट्या हाताला ओवी लागत नाही. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला माझी जीभ चावावीशी वाटली. मावशींनी आणाभाका घालून जपलेली गोष्ट मी फाटकात उभी राहून उधळली होती. ते पुढे त्याविषयी कधी बोलले नाहीत, मीही मावशींना कधी सांगितलं नाही.

१९८४चा सण एप्रिलच्या मध्यावर होता. सणाआधी मावशी सगळी भांडी उकळत्या पाण्याने शुद्ध करत, जातंसुद्धा. वर्षभर ते गराजमध्ये असे, म्हणून दरवर्षी हायम ते आदल्या दिवशी उचलून घरात आणायचा, रात्रभर ऊब लागू द्यायचा, आणि मग मावशी त्याच्यावर पाणी ओतायच्या. त्या वर्षी हायम कामासाठी सास्काटूनला अडकला होता. मावशींना धीर नव्हता. मार्च संपत आला तरी बाहेर उणे बावीस. त्यांनी गराजमध्येच गोठलेल्या तळीवर खळखळतं पाणी ओतलं. कोकणात साता पिढ्यांत असं केल्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. इथे वरची तळी आवाज करून मधोमध दुभंगली.

फोन आला तेव्हा मी लायब्ररीत होते. "पद्मजा, जातं गेलं," एवढंच बोलल्या. मी पोचले तर त्या चादरीवर बसल्या होत्या, पुढ्यात दोन अर्धुकं आणि भोवती पाण्याचा बर्फ झालेला.

"तिने एकच गोष्ट सांगितली होती," त्या म्हणाल्या. "ती बी मी माझ्या हाताने फोडली."

मी त्यांना जवळ घेतलं आणि दोघी रडलो. सण तीन आठवड्यांवर होता. हायम आल्यावर विनिपेगहून तयार बेखमीर भाकऱ्या मागवू म्हणाला, आणि मावशी "मागव" म्हणाल्या. त्या इतक्या सहज "मागव" म्हणाल्या की मला भीती वाटली.

माएदांना मीच जाऊन सांगितलं. ब्याऐंशी वर्षांचे झाले होते, हात कापायचे, दोन वर्षांत छिन्नी धरली नव्हती. त्यांनी फक्त खालच्या तळीचं माप मागितलं. नंतर गल्लीतून जाताना पाहिलं तर भिंतीवर निळी ताडपत्री टाकलेली. काही दिवस त्यांचा ट्रक दारात नसायचा. जुन्या कारखान्यात जाऊन यंत्रावर एक धोंडा गोल कापून घेतला, हे मागाहून कळलं. मग त्यांच्या गराजमधून टकटक ऐकू येऊ लागली. थोडी वाजायची, थांबायची, पुन्हा वाजायची. खालची तळीही एक दिवस येऊन घेऊन गेले. मावशी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "दमला बघ. बसला."

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी माएदा घसरगाडी ओढत आले. रस्त्यावर बर्फ उरला नव्हता, त्यामुळे ती खरखरत येत होती. हायमने दोन्ही तळ्या उतरवून चादरीवर मांडल्या. वरची नवी, करड्या रंगाची, तांबूस ठिपक्यांची. मी ताडपत्रीखाली डोकावून आले होते, म्हणून मला माहीत होतं. भिंतीच्या कोपऱ्याचा मोठा धोंडा, ज्यावर सगळा भार होता, तो जागेवर नव्हता आणि वरचे दोन थर ढासळले होते.

"त्यांना सांग," माएदा मला म्हणाले, "त्यांनी विचारलं होतं, ती म्हातारी नंतर कशावर दळायची. आता मला माहीत आहे. तिला कुणीतरी गडाचा दगड काढून नवी तळी घडवून दिली असणार."

मी सांगितलं. कसंबसं सांगितलं. मावशींनी पदर डोळ्यांना लावला, मग नाक पुसलं, पाय लांब केला आणि वैरण घातली. खुंटा धरून पाच वर्षांच्या सवयीने डावीकडे फिरवू लागल्या. पीठ येईना. त्यांनी जोर लावला, तरी येईना. त्या खालमानेने तशाच फिरवत राहिल्या. दुसऱ्यांदा चुकलं, आणि या वेळीही त्या बोलणार नव्हत्या, हे मला दिसत होतं.

माएदा हळूहळू गुडघ्यावर बसले. कापरं बोट हवेत उचललं आणि उजवीकडे एक गोल काढला.

मावशी थांबल्या. त्यांनी तळी उचलून खाली पाहिलं. आत हिमेजीच्या खाचा नव्हत्या. बारीक बारीक, उजवीकडे कललेले घाव होते, आमच्या टाकीवाल्याचे असतात तसे, सगळ्या तळीभर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी काय केलं होतं ते त्यांना कळलं. रागावल्या नाहीत. तळी ठेवून त्यांनी जातं उजवीकडे फिरवलं. दुसऱ्या फेऱ्याला कडेने पांढरं पीठ पडू लागलं आणि पाचव्या-सहाव्या फेऱ्याला आवाज आला, पाच वर्षं न वापरलेला, घोगरा:

दूर देशी उभा गड, भिंतीत म्हातारीचं जातं,
भावानं गं घडविलं, नवं तिच्या दारी येतं.

माएदांना एक शब्द कळला नाही. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने मला गप्प केलं. ते ऐकत होते.

मे महिन्यात गोठलेली जमीन सैल झाली तेव्हा भिंत पुन्हा उभी राहिली. कोपऱ्यातल्या जागी मावशींच्या सासूच्या तळीचं एक अर्धुक बसवलं. दुसरं हायमने गराजचं दार अडवायला ठेवून घेतलं, तो तसाच आहे. माएदांनी हार्डवेअरच्या दुकानातून कोंबड्यांच्या खुराड्याची तारेची जाळी आणून अर्धुकावर लावली. इथे कोण चोरून नेणार, असं मावशींनी मला विचारायला लावलं. ते म्हणाले, हिमेजीत लावतात.

पुढच्या वर्षी सण एप्रिलच्या सुरुवातीलाच आला, बाहेर अजून बर्फ होता. मी मावशींकडे निघाले तेव्हा पाहिलं, माएदांच्या स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती. मला वाटलं विसरले असतील, म्हणून आत जाऊन लावायला लागले. ते टोपी आणि कोट घालून खिडकीशी, मावशींच्या गराजकडे तोंड करून, खुर्चीवर बसले होते. म्हणाले, राहू दे, आठ दिवस उघडीच ठेवणार आहे.